नळी माझ्या कानाला होती

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. माझ्याबद्दल सगळं आपल्याला ठाऊक आहे, असा तिचा लहानपणापासूनचा समज आहे, आणि तो मी तसाच राहू दिला आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. तुमचा चेहरा बदललेला मला दिसणार नाही. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करते — मी क्षमा मागायला बसलेली नाही. ती ज्यांच्याकडे मागायची त्यांच्याकडेच मागितली नाही, तर तुमच्याकडे कशाला मागू?

मी अमरावतीची. मुलींच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलं. लग्न केलं नाही. तो या कबुलीचा भाग नाही, तो माझा निर्णय होता आणि चांगला होता. आवाजांचं वेड मला पहिल्यापासून. कुकरची शिट्टी कोणत्या सुरात आहे, शेजारच्यांचा पंखा कुठे घासतो, हे मला न विचारता कळतं. माझी स्वतःची छोटी जुनी गाडी होती, तिचं इंजिन मी ऐकून ऐकूनच दुरुस्त करायला शिकले. पुस्तक नंतर आणलं.

एकदा दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. दाताचे डॉक्टर. परत निघाले तर गाडी सुरू होईना. मी दवाखान्यासमोरच बॉनेट उघडलं आणि पदर खोचून कामाला लागले. डॉक्टर पेशंट खुर्चीत तसाच टाकून बाहेर आले आणि बघत राहिले. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, रविवारी मोकळ्या असता का?"

असा माझा त्या शेडमध्ये प्रवेश झाला.

शेड म्हणजे बडनेऱ्याच्या वाटेवरची एक बंद पडलेली जिनिंग. कापूस कधीच गेला होता, पण भिंतीच्या सांदीकोपऱ्यात अजून पांढरं काही तरी अडकलेलं असायचं. मधोमध ती उभी होती. दोन सीटची, बिनटपाची, विलायती स्पोर्ट्स कार. म्हणजे मी गेले तेव्हा कार म्हणायला धाडस लागत होतं. चाकं विटांवर, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि रंग कोणता होता हे ओळखायला ओल्या फडक्याने पुसून बघावं लागत होतं. हिरवा निघाला.

गाडी बंडूभाऊंची. बंडूभाऊ शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे व्यापारी, आता अमरावतीत स्थायिक. त्यांच्या आजोबांनी एका चांगल्या बहाराच्या जोरावर ही गाडी मुंबईहून आणली. का आणली, कोणालाच माहीत नाही. सगळ्या गावाने तेव्हा म्हणे एकच प्रश्न विचारला होता — याले टप काहून नाई? वऱ्हाडातल्या मे महिन्यात बिनटपाची गाडी! आजोबांकडे उत्तर नव्हतं, पण गाडी होती. ती चालवायला त्यांनी एक ड्रायव्हर ठेवला. तो ड्रायव्हर म्हणजे याकूबभाईंचे अब्बा.

याकूबभाईंबद्दल सांगायचं म्हणजे — थांबा, घाई करत नाही. त्यांच्याबद्दल नीटच सांगितलं पाहिजे.

याकूबभाईंचं अकोल्याला जुन्या पार्टांचं दुकान. दुकान आता मुलगा बघतो. हे दर रविवारी रेल्वेने बडनेऱ्याला उतरायचे आणि रिक्षा करून शेडवर. हातात नेहमी काही तरी जड, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कुठून तरी मिळवलेलं झाकण, कुठला तरी दांडा. ते समोर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी शाळेत बक्षीस घेणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरही फारसं पाहिलेलं नाही. लहानपणी या गाडीची चाकं ते धूत. अब्बांबरोबर रोज. पण सीटवर बसायची परवानगी नव्हती. अब्बांनाही आपल्या पोराला बसवायचा अधिकार नव्हता, आणि अब्बा नियमाचे पक्के. एकदाही बसवलं नाही. याकूबभाई हे सांगताना हसायचे. "मी चाकं पाह्यले, ताई. स्टेरिंग नाई पाह्यलं." बंडूभाऊंनी ही गाडी नव्याने उभी करायचं ठरवलं, तेव्हा पहिला फोन अकोल्याला केला होता, आणि पहिली फेरी याकूबभाईंनी मारायची हे तेव्हाच ठरून गेलं होतं. त्यावर कधी कोणाचं दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. हे लक्षात ठेवा.

तर आम्ही चौघं. बंडूभाऊ, डॉक्टर, याकूबभाई आणि मी. वर्षं गेली त्यात. अमरावतीत लोकांना वाटायचं यांना वेड लागलंय. आणि ते बरोबरच होतं. जो तो शेडच्या दारातून डोकावून विचारायचा, किती देते? म्हणजे ॲव्हरेज. बंडूभाऊ सांगायचे, "देत काईच नाई, फक्त घेते." डॉक्टर बंपरचा क्रोम दवाखान्यातल्या दात घासायच्या यंत्राने चमकवायचे. कोणत्या तोंडातलं यंत्र कोणत्या बंपरला लागलं हे आम्ही विचारत नसू. आणि माझ्याकडे कार्बोरेटर.

हे जरा समजावून सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारं यंत्र. साध्या गाडीला एक पुरतो. हिला दोन. शेजारी शेजारी. आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाही तर इंजिन गचके देतं, खोकतं, रस्त्यावर दगा देतं. सारखी ओढतात की नाही हे कसं कळणार? रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचं. तोही सूं. दोन्ही सूं एक झाले की काम झालं. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावतो ना, तसंच. बाजूच्या छोट्या स्क्रूला केसभर फिरवायचं, ऐकायचं. परत केसभर. जन्मभर मी दुसरं काय केलं होतं?

सुरुवातीला सगळेच हात घालायचे. एका रविवारी चौघांनी चार वेळा तो स्क्रू आपापल्या बुद्धीने फिरवला आणि इंजिनाने असा भडका मारला की डॉक्टरांची एक भुवई गेली. उरलेल्या एका भुवईने ते महिनाभर पेशंट तपासत होते. त्या दिवसापासून शेडमध्ये नियम झाला. बंडूभाऊंनीच केला — नळी ज्याच्या कानाले, शब्द त्याचा. बाकीच्यांनी हातही लावायचा नाही आणि वादही घालायचा नाही. आणि नळी माझ्याकडे आली.

दुसरा नियमही बंडूभाऊंचाच. पूर्ण तयार झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. आजोबांची हीच गाडी एकदा वरुडच्या वाटेवर बंद पडली आणि बैलजोडी लावून घरी आणावी लागली. ते हसू तीन पिढ्या टिकलं. "माह्या आज्याची गाडी पुन्हा बैलाच्या मागं येनार नाई," असं ते म्हणायचे, आणि या एका बाबतीत त्यांच्याशी मस्करी चालत नसे. म्हणजे बघा — बाकी सगळं झालं तरी मी "झालं" म्हणेपर्यंत गाडी हलणार नव्हती. फाटकाची किल्ली म्हणा ना, माझ्या कानात होती.

आता तुम्ही ओळखलंच असेल. पण मला नीट सांगू द्या.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सगळं संपत आलं. सीट नव्या, रंग नवा, चाकं जमिनीवर. राहिलं होतं ते माझं. सगळे चहा पीत बसलेले. याकूबभाई चालवणार, शेजारच्या सीटवर बंडूभाऊ. दुसऱ्या फेरीला डॉक्टर. मी वाट बघत होते. तिसरी फेरी? मी मागितली नसती. पण कोणी तरी म्हणेल ना? इतकी वर्षं त्या इंजिनाच्या छातीला ज्याने कान लावला, त्याने ती गाडी एकदा तरी चालवावी असं कोणाच्या तरी मनात येईल ना?

बंडूभाऊ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी ओवाळा. नारळ मी आनतो, तुमी ताट घेऊन या. बाईच्या हातानं शुभ असते."

डॉक्टरांनी मान डोलावली. आणि याकूबभाई — हो, तेसुद्धा — हसून म्हणाले, "ताईच्या हातचं कुंकू लागलं की गाडी अजून पन्नास वर्सं चालते."

वाईट हेतू नव्हता कोणाचाच. मला माहीत आहे. तुम्ही ते मला सांगू नका. मला मान द्यायचा होता त्यांना. बाईला जो मान देतात तोच. वर्षानुवर्षं मी त्यांच्यात ग्रीसने हात काळे करून बसले होते, आणि गाडी उभी राहिली तेव्हा माझ्या हातात ताट आलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं का? हवं होतं. "मी पण चालवणार" — तीन शब्द. ते दिलदार लोक आहेत, लाजले असते आणि हो म्हणाले असते. पण मागून मिळालेलं मला नको होतं. मला ते न मागता हवं होतं. हा माझा माज आहे, आणि तो अजूनही आहे.

मी कप ठेवला, नळी उचलली आणि बॉनेटवर वाकले.

एका कार्बोरेटरला नळी. मग दुसऱ्याला. परत पहिल्याला. स्क्रू केसभर. आणि — एक झाले. इतके एक झाले, की नळी इकडून तिकडे नेताना मधला फरक कळेना. आयुष्यात मी इतका साफ जोड क्वचित लावला आहे. इंजिन असं चालत होतं की डोळे मिटले तर ते चालू आहे की नाही हे विसरून जावं.

तिघं मागे उभे होते. बंडूभाऊ म्हणाले, "मॅडम?"

मी म्हणाले, "अजून नाही."

आणि त्यांच्या देखत, सरळ त्यांच्या देखत, मी एक स्क्रू अर्धा आटा उलटा फिरवला. इंजिन खोकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. काय झालं, काय चुकलं, कोणाला कळणार? नळी माझ्या कानाला होती.

पहिल्या रविवारी राग होता, असं म्हणता येईल. रागाचं एक बरं असतं, तो अंगावर येतो आणि आपण सगळं त्याच्या नावावर खपवतो. पण पुढच्या रविवारी राग नव्हता. मी शांत डोक्याने जाऊन पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. आधी जमवायचं — ते मी दर वेळी करत असे, ते सुख मी सोडलं नाही — आणि मग बिघडवायचं. खरं सांगू? मला मजा आली. शेडमध्ये शिरले की सगळे उठायचे. डॉक्टर माझ्यासाठी स्टूल पुसायचे. बंडूभाऊ, ज्यांच्या एका फोनवर संत्र्याचे ट्रक थांबतात, ते हलक्या आवाजात विचारायचे, "आज होईन का, मॅडम?" आणि मी नळी गुंडाळत म्हणायचे, पाहू. असं "पाहू" म्हणायची संधी मला आयुष्यात दुसरी कुठे मिळाली असती, सांगा बरं! तुम्हाला मिळाली तर तुम्ही सोडाल?

ताट तिथेच फळीवर पडून होतं. बंडूभाऊंच्या घरून आलेलं, चांगलं पितळेचं. त्यावर धूळ बसत होती. मी ती कधी पुसली नाही.

इथपर्यंत सांगायला फार जड गेलं नाही. हे म्हणजे एका हट्टी बाईचा खोडसाळपणा. कदाचित तुम्ही हसलाही असाल. पुढचं वेगळं आहे.

थंडी चांगली पडली होती. बंडूभाऊ आणि डॉक्टर गिलावडा, आमच्याकडचा दह्यातला वडा, आणायला गेले होते. शेडमध्ये मी आणि याकूबभाई. काही दिवसांपासून मी बघत होते — ते मडगार्डला आपटत होते. पाना शेजारीच पडलेला असायचा आणि ते शोधत बसायचे. मला वाटलं होतं, वय. ते माझ्यासमोर येऊन बसले आणि सांगितलं.

"ताई, एक बोलतो, कोनाले सांगू नका. मले बाजूचं दिसत नाई आता. समोरचं तेवढं दिसते, भोंगळीतून पाह्यल्यावानी. काचबिंदू म्हन्ते डोयाचा डाक्टर. गेलं ते वापस येत नाई, अन् राह्यलं ते बी चाललं. बंडूभाऊले कळलं त मले स्टेरिंगले हात लावू देनार नाई. म्हून तुमालेच सांगून राह्यलो."

मी काय म्हणाले आठवत नाही. काही तरी म्हणाले असेन.

"एक चक्कर पायजे फक्त. लांब नाई. सुनसान रस्त्यावर, या फाटकापासून त्या नाल्यावरच्या पुलापर्यंत. मंग डोये गेले तरी माही तक्रार नाई. तुमी जरा घाई करा न, ताई."

त्यांनी माझ्याकडे मागितलं. ज्या तीन शब्दांसाठी मी तोंड उघडलं नव्हतं, तसे शब्द त्यांना जड गेले नाहीत. सरळ मागितलं. आणि मागितलं ते माझ्याकडे, कारण त्या शेडमध्ये सगळ्यात जास्त विश्वास त्यांना माझ्या कानावर होता.

गिलावडा आला. आम्ही खाल्ला. मग मी उठले, नळी घेतली. याकूबभाई माझ्या अगदी मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी लावलं — जमलं. दर वेळी जमायचं तसंच जमलं. फक्त "झालं" म्हणायचं होतं. संध्याकाळचं ऊन होतं, रस्ता रिकामा होता, ते त्यांच्या भोंगळीतून समोरचं बघू शकत होते.

मी म्हणाले, "पुढच्या रविवारी."

का? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली आहेत. एक असं — त्या डोळ्यांनी त्यांनी गाडी चालवली असती आणि कोणाला उडवलं असतं तर? मी त्यांना वाचवलं! किती छान वाटतं ना ऐकायला? पण खोटं आहे. त्या क्षणी मला त्यांच्या जिवाचीही काळजी नव्हती आणि रस्त्यावरच्या कोणाचीही नव्हती. दुसरं असं — इतके रविवार "नाही" म्हटल्यावर अचानक "हो" म्हटलं तर संशय येईल. हे थोडं खरं आहे. पण पूर्ण खरं सांगायचं तर मी वाकलेली असताना माझी नजर त्या फळीवर गेली. ताट. आणि मला ऐकू आलं — ताईच्या हातचं कुंकू लागलं की. हे याकूबभाईच म्हणाले होते ना? मग थांबा आणखी एक रविवार. इतकंच. यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुलाचा फोन आला, डोळ्यांचा दाब एकदम वाढला, ऑपरेशन झालं. मी त्या दोन्ही रविवारी शेडवर गेले आणि कार्बोरेटरला हात लावला नाही. सर्दी झाली आहे, कानाला दडे बसले आहेत, असं सांगितलं. आणखी एक खोटं. मोठ्याच्या शेजारी छोटं दिसत नाही.

मग एका रविवारी ते आले. काळा चष्मा, आणि सोबत आलेल्या त्यांच्या मुलीच्या खांद्यावर हात. पायरी कुठे आहे हे पायाने चाचपत. डॉक्टरांनी पुढे होऊन हात धरला. बंडूभाऊ रडले. मोठा माणूस, पण लहान मुलासारखे रडले. आणि याकूबभाईच त्यांची समजूत घालत होते. "काहून रडता, बंडूभाऊ? कान हायेत न माहे. मी आता गाडी चालवीन त सिधा तुमच्याच संत्र्याच्या ट्रकात घालीन."

मग ते माझा आवाज कुठून येतो ते शोधत माझ्याकडे वळले. मी काही बोललेच नव्हते. "ताई कुठी हाय? ताई, माह्या जागेवर तुमी बसा. मी बाजूले बसतो."

मला न मागता हवं होतं ना? मिळालं.

मी नळी उचलली. दोन मिनिटं लागली नाहीत. "झालं," मी म्हणाले. कोणाला संशय आला नाही. उलट बंडूभाऊ म्हणाले, अल्लाची आणि देवाची दोघांची मर्जी दिसते, याकूबभाई आल्याशिवाय गाडी तयार व्हायचीच नव्हती. देवांनाही मी यात ओढलं. ताट घेऊन कोणीच आलं नाही. बंडूभाऊंनी नारळ तसाच चाकाशी फोडला.

आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी चालवत होते, डावीकडे याकूबभाई. आणि — हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही — मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. वारा सरळ तोंडावर. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पुलापर्यंतच जायचं होतं, पण पूल आला आणि मी थांबवली नाही. याकूबभाईही थांबवा म्हणाले नाहीत. त्यांनी उजवा हात चाचपत पुढे आणला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. मला कळलं. मी हात काढून घेतला आणि क्लच दाबला, आणि त्यांनी गिअर टाकला. इंजिनाचा आवाज ऐकून. पुढचाही. मला काही सांगावं लागलं नाही. मी क्लच, ते गिअर. कौंडण्यपूरच्या दिशेने किती तरी लांब गेलो आम्ही तसे.

"बाजूले काय हाय?" ते विचारायचे. मी सांगायचे. तूर. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. एक बाई सरपण घेऊन चालली आहे, थांबून बघते आहे. कापूस वेचून झालाय. एक बैलजोडी.

"बैलजोडी?" ते म्हणाले. "बंडूभाऊले सांगू नका." आणि आम्ही दोघं हसलो. मी हसले. त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या जागेवर बसून, मी खरं खरं हसले.

डोळे काचबिंदूने गेले. ते मी माझ्या माथी घेणार नाही, माझ्या माथी आहे ते पुरे आहे. पण फाटकापासून पुलापर्यंतचा तो रस्ता, जो त्यांना समोरून दिसला असता, हातात ते स्टेअरिंग असताना, जे अब्बांनी एकदाही धरू दिलं नाही — तो मी खाल्ला. एका ताटासाठी.

हे होऊन आता बराच काळ झाला. आम्ही अजून जातो. रविवारी, उन्हं उतरली की. गाडी मीच चालवते, दुसरं कोणी चालवायचं नावही काढत नाही. अमरावतीत मला आता गाडीवाल्या बाई म्हणतात. शाळेत इतकी वर्षं घालवून संगीतवाल्या बाई म्हणून कोणी लक्षात ठेवलं नव्हतं. मला हे आवडतं. का आवडू नये?

आणि याकूबभाई, जो भेटेल त्याला सांगतात. अकोल्याच्या दुकानात, बडनेऱ्याच्या स्टेशनावर, चहाच्या टपरीवर. "आमच्या ताईनं महिने लावले. आमी सगळे म्हनत होतो, झालं, झालं. पन ताई म्हने, अजून नाई. पार मनासारखं होईलोक सोडलं नाई. म्हून तं असं चालते हे इंजिन." लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी मान डोलावते. पहिल्यांदा मान डोलावली तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. आता सरळ बघते, हेही सांगून टाकते.

मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर माझं ओझं उतरेल आणि त्यांच्याकडे जाईल, असं काही उदात्त मला म्हणायचं नाही. मला ती सीट सोडायची नाही, म्हणून सांगणार नाही.

गेल्या रविवारी निघण्याआधी मी नेहमीप्रमाणे बॉनेट उघडलं आणि नळी लावली. याकूबभाई शेजारी उभे होते, काळा चष्मा इंजिनाकडे वळवून. म्हणाले, "दोन्ही सारके हायेत न, ताई?"

"सारखे आहेत," मी म्हणाले.

तेव्हाही सारखेच होते.